खोडदचे तीस कान

आकाशाचा नाद गाण्याच्या नादासारखाच. एकदा लागला की घरच्यांनी हात टेकावेत! अंतराळातली बातमी आली की इकडे माझा चहा निवतो आणि तिकडे आमच्या सौभाग्यवतींचा पारा चढतो. २०२३ साली चांद्रयान चंद्रावर उतरले, त्या संध्याकाळी तर आमच्या घरी दळण गिरणीतच राहिले होते.

अशा माणसाला पुण्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर जगातली एक नामांकित रेडिओ दुर्बीण आहे, म्हटल्यावर किती दिवस दम धरवणार? दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते. तो मुहूर्त साधून मी, सौभाग्यवती आणि सातवीतली कन्या असे तिघे निघालो. राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगावला आलो आणि उजवीकडे खोडदच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, टोमॅटो. मध्येच कन्या ओरडली, "बाबा, त्या बघा!" शेतांच्या पलीकडे पांढऱ्या सांगाड्यांच्या प्रचंड परड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

दाराशीच मोबाईल बंद करायला सांगितले. कारणही तसेच आहे. अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेल्या त्या क्षीण लहरींपुढे खिशातला फोन म्हणजे बाळ झोपवताना दारात वाजणारा ढोल! नारायणगावचा हा परिसर निवडला, त्यामागेही मोठ्या शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर राहण्याचा विचार होताच.

एकेका परडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात, तर उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरदूर पसरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीचे काम करतात.

"अहो, पण ही तर नुसती जाळी आहे! यातून सगळं गळून नाही का जाणार?" सौभाग्यवतींनी विचारले. आम्हांला माहिती देणारा तरुण हसून म्हणाला, "काकू, चाळणीतून पीठ गळतं, पण गहू गळतो का? इथल्या लहरी अर्धा मीटर, एक मीटर लांबीच्या. त्यांच्यापुढे ही भोकं अगदी बारीक. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही वाचला."

ही काटकसरीची करामत डॉ. गोविंद स्वरूप यांची. डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली अमेरिकेतून परतले आणि ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी १९६५ साली आपल्या कल्याणजवळ उभारून सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे उटीची दुर्बीण झाली आणि १९९० च्या दशकात खोडदची. २०२० साली ते गेले. पण त्यांच्या या जाळीने टिपलेल्या हायड्रोजनच्या एका संदेशाची बातमी २०२३ च्या जानेवारीत जगभर झाली. तो संदेश सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघाला होता. तेव्हा आपली पृथ्वी जन्मालासुद्धा आली नव्हती!

मला मात्र ओढ होती ती दुसऱ्याच गोष्टीची. १९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र. दिवाळीला अकरा दिवस उरलेले. युरोपचे 'स्कियापरेली' हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा काही वॉटचा क्षीण आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून खोडदला थेट ऐकू येत होता. यानाने हाक मारल्यापासून ती इथे पोचायला पावणेदहा मिनिटे लागत. हवाई छत्री उघडल्याची खूणही मिळाली. आणि उतरायला मिनिटभर उरले असताना आवाज थांबला. पुढे चौकशीत कळले, की आपण जमिनीला टेकलोच, अशी यानाच्या यंत्राची समजूत झाली होती. प्रत्यक्षात ते ३.७ किलोमीटर उंचीवर होते.

हे सारे मी उत्साहाने सांगितले. सौभाग्यवती गप्पच. मला वाटले, आता खर्चाचा हिशेब निघणार! पण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे शेवटपर्यंत कुणीतरी ऐकत होतं तर."

मी इतकी वर्षे बातम्या जमवतो आहे, पण या शास्त्राचे मर्म इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नसते. यान फुटले, तरी ते कोणत्या क्षणापर्यंत बोलत होते, हे नोंदले गेले. ऐकणारा जागा असला, की अपयशसुद्धा वाया जात नाही.

पण ऐकायला शांतता हवी, आणि तीच आता महाग होत चालली आहे. जमिनीवर मनोरे वाढत आहेत, डोक्यावरून हजारो उपग्रह फिरत आहेत. त्यांच्याशिवाय तुमचे-आमचे चालत नाही, हेही खरेच. तरीही गावाने देवराई राखावी, तशी शांततेची एखादी देवराई आपण राखू नये काय?

तेव्हा मंडळी, फेब्रुवारीअखेर मुलाबाळांना घेऊन खोडदला जाऊन याच. आमच्या कन्येने तर परतीच्या वाटेवर नारायणगाव येईपर्यंत फोन सुरूच करू दिला नाही. म्हणाली, "थांबा ना बाबा, त्यांना अजून ऐकू येत असेल!"