परतीची रुग्णवाहिका

‘बाळ आता स्थिर आहे, उद्या जालन्याला परत पाठवतो,’ असं घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा यांनी हात जोडले आणि मी रडायला लागले. आनंदानं रडतेय असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र धडकी भरली होती.

माझं लेकरू तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १३०० ग्रॅम. जालन्याच्या स्त्री रुग्णालयात सिझर झालं. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात होती. फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ इतक्या लवकर आलेल्या बाळात पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून बाळाला छत्रपती संभाजीनगरला, घाटीत हलवायचं ठरलं. मला तर कुशीवरही वळता येत नव्हतं. सिस्टरनं जाता जाता त्याला माझ्या तोंडापाशी धरलं. दिसली ती टोपी आणि एक नळी.

हे १०८ च्या गाडीत पुढं बसून गेले. अंतर साठेक किलोमीटर. वाटेत फोन यायचे : बदनापूर गेलं, करमाड आलं, शेंद्रा दिसतंय. गावांची नावं तेवढी सांगायचे. बाळाचं विचारायची मला भीती आणि सांगायची त्यांना.

त्या जाण्याबद्दल लोक अजून विचारतात. खरं तर तेव्हा विचार करायला सवडच नव्हती. जे म्हणाले त्यावर सह्या केल्या. कठीण होतं ते मागं उरणं. बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रभर कुणाचं ना कुणाचं लेकरू रडायचं, की माझा पान्हा फुटायचा. शेजारच्या खाटेवरच्या परतूरच्या बाईची आई म्हणाली, ‘पिळून काढत जा, माय. आटू देऊ नको.’ पहिल्यांदा चमचाभर चीक निघाला. माझा दीर शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. तो थर्मासात बर्फ घालून दुधाची डबी न्यायचा, शेंद्रा ओलांडून आधी घाटी गाठायचा, मग उलटा कंपनीत. तिथं ते दूध नळीनं पोटात जायचं. बाळापर्यंत माझं म्हणून एवढंच पोचत होतं.

पाचवीला सासूबाईंनी घरी पाटावरवंटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाळ घाटीत, आई दवाखान्यात, पूजा घरी. सटवाईनं नशीब लिहायला नेमकं कुठं यायचं, असं मी फोनवर विचारलं, तर त्या चिडल्या. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

सुट्टी झाल्यावर मी घाटीत गेले. कोपरापर्यंत हात धुवायचे, चप्पल बदलायची, गाऊन घालायचा आणि आत जाऊन पडद्याकडं बघत बसायचं. बाळाकडं कमी, पडद्याकडं जास्त. ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली गेला की माझा जीव खाली. कोणती सिस्टर त्याच्या टाचेला हळूच टिचकी मारून त्याला श्वासाची आठवण करून देते, ते मला ठाऊक झालं होतं. हा सगळा आधार सोडून नव्या माणसांच्या हाती त्याला द्यायचं होतं. डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. श्वासाला आधार देणारं सी-पॅप मशीन निघालं होतं, वजन वाढत होतं, आणि त्या खाटेसाठी दुसरं कुणाचं लेकरू दारात होतं. ते लेकरू मला बाहेर दिसलंही, आणि तरी मनात आलं की आमची खाट घेऊ नका. असं मनात येतं, कुणी कबूल करत नाही.

येताना त्याला पेटीत ठेवलं नाही. माझ्या छातीशी उघड्या अंगानं बांधलं, वरून शाल. कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या एका सरकारी रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे होते, म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी आयांनाच ऊब द्यायला लावली, तिथून ती जगभर गेली. १०२ च्या गाडीला भाडं नव्हतं. सरकारी दवाखान्यांसाठी २०११ मध्ये आलेल्या जननी-शिशु योजनेत नवजाताची नेआण मोफत आहे. पायाला मशीनची चिमटी होती, पण आकडे सिस्टरकडं तोंड करून. चिकलठाण्यापर्यंत मी मान वाकडी करून ते वाचायचा प्रयत्न केला. करमाडपाशी मान अवघडली आणि नाद सोडला. मग त्याचा श्वास माझ्या कातडीवर लागतोय, हे कळायला लागलं.

जालन्याच्या नवजात कक्षात मशीन कमी वाजायचं, आणि ती शांतताच मला सोसेना. ‘इथं लक्ष देतात ना?’ असं मी सिस्टरला तोंडावर विचारलं. ती रागावली नाही. हे आदल्या दिवशी येऊन खोली बघून गेले होते, त्यांची ओळख होती, माझी नव्हती. बदलीआधी आईलाही ती जागा निदान फोनवर दाखवावी, तिथल्या एका माणसाचं नाव सांगावं, एवढं झालं तरी पुष्कळ. फाईल सोबत येते, पण भीती फाईलमध्ये लिहिलेली नसते.

फाईलमध्ये लिहिलेली एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची होती : डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो. तिथल्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, बिघाड बाहेरून दिसत नाही आणि वेळ गेली तर दृष्टी जाऊ शकते. दवाखाना बदलताना हीच तारीख सुटायची भीती. जालन्याच्या सिस्टरनं ती लाल पेनानं मोठी लिहिली आणि यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. त्या तारखेला आम्ही पुन्हा संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले, आत्ता तरी ठीक आहेत म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं.