एक्सओचे कान

वस्तूला आकार देण्याचे कसब ज्याने पत्करले, त्याला प्रत्येक जादा भागापाठीमागे जादा साचा, जादा जुळणी आणि जादा तपासणी यांचा हिशेब ठेवावा लागत असल्यामुळे, एकाच भागाकडून तीन कामे करवून घेणारी रचना दृष्टीस पडली की तिच्या कर्त्याविषयी त्याच्या मनात अकृत्रिम आदर उत्पन्न होतो. ईव्ह बेहार यांच्या फ्यूजप्रोजेक्टने रेखलेल्या ‘एक्सओ-१’ या मुलांच्या लॅपटॉपचे हिरवे कान पाहिले की मला नेहमी असेच होते. ते उभे केले की बिनतारी संदेशाचे अँटेना होतात व यूएसबीची तोंडे मोकळी करतात; खाली वळवले की तीच तोंडे धुळीपासून झाकून झाकणाला कडीही घालतात. लहान मूल सुटे टोपण हरवणारच, म्हणून हरवण्याजोगे टोपणच ठेवले नाही. बालस्वभावाची एवढी जाण असलेली यंत्रे मी फार थोडी पाहिली आहेत.

२००५ साली ट्युनिस येथे या लॅपटॉप-योजनेचे प्रवर्तक निकोलस निग्रोपॉण्टी यांनी यंत्राचा जो नमुना जगापुढे मांडला, त्याच्या अंगालाच वीज निर्माण करणारा हातदांडा जोडलेला होता, आणि छायाचित्रांत तो इतका शोभला की पुष्कळांना तोच त्या यंत्राचा प्राण वाटला. परंतु फिरवणाऱ्या हाताचा पीळ प्लॅस्टिकच्या पेटीने रोज सोसावा ही अपेक्षाच अवाजवी असल्यामुळे, २००७ साली उत्पादनात आलेल्या यंत्रावर तो राहिला नाही. लोकप्रिय झालेला अवयव असा छाटून टाकणे, हे माझ्या मते आमच्या व्यवसायातले सर्वांत कठीण कर्तव्य होय. जे राहिले ते टिकाऊ होते: रबरी आवरणाचा कळफलक, पंखा आणि फिरती तबकडी यांचा अभाव, आणि मेरी लू जेप्सन यांचा, मागचा दिवा मालवला तरी भर उन्हात वाचता येणारा पडदा. महाराष्ट्रातील खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती त्याच वर्षी ही यंत्रे आली.

यंत्राची किंमत शंभर डॉलर ठेवण्याचा संकल्प १८८ डॉलरच्या आसपास गेला, आणि पेरू देशातील २०१२ च्या अभ्यासात मुलांच्या गणितात वा भाषेत सुधारणा आढळली नाही, हे दोन्ही मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याचा जाब योजनेच्या अंमलबजावणीला विचारावा. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारे आणि जादा स्क्रू आपल्या मुठीतच बाळगणारे ते यंत्र गावातच दुरुस्त व्हावे, अशी तजवीज कर्त्यांनी केली होती. शाळांसाठी यंत्रखरेदीच्या निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, किमतीच्या रकान्याआधी दुरुस्तीचा रकाना घालावा.