दोन पाण्यांमधील देवबाग

'द्वीप' हा शब्द आपण मुलांस शिकवितों तेव्हां 'चोहोंकडून पाण्यानें वेढलेली भूमि' असा त्याचा अर्थ सांगतों. परंतु शब्दाची फोड केली तर निराळेंच कांहीं हातीं येतें. 'द्वि' म्हणजे दोन व 'अप्' म्हणजे पाणी. या दोहोंचा समास होतांना 'अप्' मधील अकाराचा ईकार होतो, असा पाणिनीचा नियम आहे. तेव्हां व्युत्पत्ति पाहतां, जिच्या दोन बाजूंस पाणी आहे ती भूमि म्हणजे द्वीप. चौफेर पाण्याचा अर्थ रूढीचा. ही फोड आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें फळ्यावर लिहिली. पण ती प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याचा योग आला तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, मालवण तालुक्यांतील देवबाग या गांवीं.

सोलापुराहून निघालेल्या मनुष्यास हा प्रवास म्हणजे दुसऱ्या सृष्टींत जाणें होय. आमच्याकडे वर्षाकाठीं पाऊस साठ सेंटिमीटरांच्या आंतबाहेर. मालवणकडे त्याच्या चौपट-पांचपट. कोल्हापूर मागें टाकून राधानगरी व दाजीपूरच्या रानांतून फोंडा घाट उतरलें कीं काळी जमीन संपून तांबडा जांभा दगड लागतो. पुढें कणकवली, कसाल आणि मालवण. मालवणच्या बंदरावर उभें राहिलें कीं समोर सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं त्याचें काम सुरू करविलें व तें १६६७ सालीं पुरें झालें. तो किल्ला खडकावर उभा आहे, म्हणून साडेतीनशें वर्षें लाटा खाऊनही स्थिर आहे. तेथून दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरांवर असलेलें देवबाग मात्र सारें वाळूवर उभें आहे. या दोन स्थळांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे.

सह्याद्रींत उगम पावलेली कर्ली नदी कुडाळ तालुक्यांतून पश्चिमेकडे येते. समुद्र हांकेच्या अंतरावर आला असतां तिच्यापुढें वाळूची एक लांब, चिंचोळी पट्टी आडवी येते. नदीस मग दक्षिणेकडे वळून त्या पट्टीच्या पाठीमागून जावें लागतें, आणि अखेर भोगव्यासमोर तिला समुद्राची भेट होते. या पट्टीच्या आरंभीं तारकर्ली आणि शेवटास देवबाग. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाडी, दक्षिणेस संगम. महाराष्ट्राच्या भूमीशीं नातें उरलें तें एका उत्तरेच्या बाजूनें. कांहीं ठिकाणीं ही पट्टी इतकी अरुंद आहे कीं माडांच्या रांगांमधून चार पावलें इकडे गेलें तर लाटांची गर्जना, आणि चार पावलें तिकडे गेलें तर खाडीचें निश्चल पाणी.

ही पट्टी झाली कशी? लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. येतांना त्या वाळू तिरपी वर नेतात आणि परततांना ती उतारावरून सरळ खालीं आणतात. अशा रीतीनें एकेक कण किनाऱ्याच्या कडेकडेनें पुढें सरकतो. नदीच्या मुखाशीं किनारा आंत वळतो, प्रवाहाचा वेग मंदावतो, आणि वाहून आणलेली वाळू तेथें पडते. पट्टीचें टोंक दक्षिणेकडे आहे, त्यावरून वाळूचा एकंदर ओघ त्या दिशेचा असावा असें अनुमान निघतें. पावसाळ्यांत उसळत्या लाटा पुळण ओरबाडून वाळू पाण्याखालीं नेतात. आश्विनानंतर शांत लाटा तीच वाळू पुन्हां आणून घालतात. नदीचे पूर मुख मोकळें ठेवतात, आणि त्या ओढाताणींत मुखाशीं वाळूचे उंचवटे वर येतात व नाहींसे होतात. अशाच एका उंचवट्यास तेथील लोक 'त्सुनामी बेट' म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तें वर आलें अशी त्यांची समजूत आहे. तात्पर्य, वाळूचें येणेंजाणें चालू आहे तोंवरच ही भूमि आहे.

वनस्पतींनीं हें जाणलें आहे. भरतीच्या रेषेपलीकडे प्रथम पसरते ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. काय यथार्थ नांव! तिच्या मुळ्या व लांबच लांब फांद्या उडती वाळू धरून ठेवितात. तिच्या शेजारीं रावणाच्या मिशा नांवाचें कांटेरी गवत, मागें केतकी, मग उंडी, म्हणजेच आपल्या संस्कृत काव्यांतील पुन्नाग, आणि त्यामागें माणसाच्या हातचे माड. खाडीच्या बाजूस तिवर, चिप्पी, कांदळ या खाऱ्या चिखलांत वाढणाऱ्या झाडांची राई आहे. त्यांच्या मुळांत मासळीचीं व कोळंबीचीं पिल्लें वाढतात. ओहोटीला बायका खाडींत उतरून तिसऱ्या वेंचतात. थंडीच्या दिवसांत कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर उतरतात. समुद्रांत डॉल्फिनांच्या पाठी वरखालीं होतांना दिसतात. सिंधुदुर्गाभोंवतीं पाण्याखालीं प्रवाळही आहे, आणि मालवणचा हा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे.

आम्हां सोलापूरकरांस सर्वांत मोठें आश्चर्य वाटावें तें येथील विहिरींचें. आमच्याकडे काळा पाषाण फोडून खोल जावें तेव्हां पाणी; येथें वाळूंत थोड्याच हातांवर पाणी, आणि दोन्ही बाजूंस खार असून तें गोड! त्याचें कारण असें कीं पावसाचें पाणी वाळूंत मुरतें आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. गोड पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट वर असेल तर खालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत गोड पाणी असूं शकतें, हें घायबेन व हेर्झबर्ग या दोघां शास्त्रज्ञांनीं १८८८ व १९०१ या सालीं दाखवून दिलें. पण हाच हिशेब उलटाही लागतो. उपशानें पातळी एक फूट उतरली कीं खालचें खारें पाणी चाळीस फूट वर चढूं पाहतें.

येथील गाबीत समाजाची जुनी वृत्ति मासेमारीची, आणि तिचें विशेष रूप म्हणजे रापण. होडीनें समुद्रांत लांबच लांब जाळें अर्धवर्तुळ टाकावयाचें आणि त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून अनेकांनीं मिळून ओढावयाचीं. आलेल्या मासळीचे वांटे करावयाचे. एकट्याचें तें काम नव्हे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्यांतील मर्म सांगावयास नको. पुढें पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका आल्या, रापणीच्या वांट्याची मासळी घटली, आणि उभयतांत तंटे झाले; २०१६ सालीं शासनानें पर्ससीनवर निर्बंध घातले. अलीकडे पुष्कळ घरांनीं पाहुण्यांसाठीं खोल्या बांधल्या आहेत, व होडीवाले मासळीऐवजीं प्रवासी फिरवितात.

परंतु ज्या जमिनीवर हें सारें चालावयाचें तिचीच आज शाश्वति नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें 'फयान' आणि मे २०२१ मध्यें 'तौक्ते' या वादळांनीं मालवण किनाऱ्यावरील माड, होड्या व घरें यांची मोठी हानि केली. वादळ नसलें तरी पावसाळ्यांतील उधाण दरसाल कोठें ना कोठें माडांच्या मुळाशीं पोंचतें. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. येथें समुद्र उलट चाल करून येतांना दिसतो. एक वृद्ध मच्छिमार आम्हांस म्हणाले, "मास्तरांनू, दर्यो आपलो वाटो मागता, आमी खंय जावचा?"

त्या प्रश्नाचें सोपें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. गांवकरी दगडी बंधारा मागतात, आणि ज्याच्या अंगणांत लाट येते त्यानें तो मागूं नये असें कोण म्हणेल? परंतु भिंतीवर आपटलेली लाट पायाची वाळू उकरते, आणि भिंत जेथें संपते तेथें शेजाऱ्याच्या घराकडे वळते. अमेरिकेंतील गॅल्व्हेस्टन हें शहर अशाच वाळूच्या बेटावर वसलेलें. १९०० सालच्या वादळांत तेथें सुमारें आठ हजार माणसें मेलीं. पुढें बांधलेल्या प्रचंड भिंतीनें शहर वांचलें, पण भिंतीपुढची पुळण झिजत गेली. त्याच देशांत हॅटेरस येथील दीपगृह समुद्र जवळ आल्यामुळें १९९९ सालीं उचलून २९०० फूट मागें नेलें. आपल्याकडे रामेश्वर बेटाच्या टोंकावरील धनुष्कोडी डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळांत उध्वस्त झाली, ती पुन्हां पूर्ववत् वसली नाहीं. देवबागकरांची अडचण अशी कीं त्यांस दीपगृहासारखें मागें सरकण्यास जागाच नाहीं. मागें खाडी आहे.

तेव्हां उरतो तो मार्ग संथ आहे, पण आहे. बंधारा जेथें अपरिहार्य असेल तेथें घालावा. मात्र नदीचें मुख, खाडी व सारी पट्टी यांचा एकत्र विचार करून. खाडींतील वाळू बांधकामासाठीं उपसणें म्हणजे पट्टीच्या तोंडचा घांस काढणें होय, तें थांबावें. मर्यादवेल खणून तेथें खुर्च्या मांडूं नयेत, तिवरांची राई तोडूं नये. नवें बांधकाम हलकें असावें आणि पुळणीपासून शक्य तितकें दूर असावें.

यांतील थोडा भार आपणांवरही आहे. सोलापूरकडील कुटुंबें मे महिन्याच्या सुटींत मुलांबाळांसह तारकर्ली-देवबागेस जातात. त्यांनीं अवश्य जावें. मुलांस भूगोल शिकविणारी अशी दुसरी शाळा नाहीं. पण मे महिन्यांत तेथील विहिरींचें गोड पाणी सर्वांत कमी असतें, आणि पाहुणे सर्वांत अधिक. पाण्याच्या घागरीची किंमत आपल्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. ती जाण घरीं ठेवून न जातां बरोबर न्यावी. पुळणीवर मर्यादवेल दिसली कीं मुलांस तिचें नांव सांगावें व तिच्यावर पाय न देतां बाजूनें चालण्यास सांगावें.