जुन्नरची लेणी आणि दोन टाक्यांची गोष्ट

सहल म्हटली की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न खर्चाचा. म्हणून आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक गाडी ठरवली, सकाळची भाकरी-चटणी घरचीच घेतली आणि रविवारी पहाटे जुन्नरचा रस्ता धरला. अट एकच होती : नुसते हिंडायचे नाही, प्रत्येक मुलाने पाहिलेले वहीत लिहायचे.

जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी ती कोरली गेली. लेण्याद्रीला बहुतेक लोक अष्टविनायकाच्या दर्शनाला जातात. ते गणेशस्थान ज्या सातव्या लेण्यात आहे, तो मुळात भिक्खूंचा विहार. मधे एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन आणि कडेने निवासाच्या खोल्या. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत बुद्धमूर्ती नाही, फक्त स्तूप. आत शिरताच दंगा करणारी मुले आपोआप गप्प झाली.

हे लेणे कोरवणारा दाता कल्याणचा होता. कल्याण हे त्या काळचे बंदर. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. रोमन जगाशी पश्चिम भारताचा मोठा व्यापार होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात द्राक्षाची दारू आहे, आणि तीही इटलीची अधिक पसंतीची!

त्या वाटेने माणसेही आली. जुन्नरच्या शिलालेखांत तीन यवन दाते आहेत. यवन हा मूळचा ग्रीकांसाठीचा शब्द, पुढे पश्चिमेकडील परकीयांसाठीही वापरला गेला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीच्या एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी दान दिले, चिताने संघाला भोजनमंडप दिला आणि इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावे इथे कोरलेली आहेत. कष्टकऱ्यांची नावे दगडावर आहेत, हे ऐकून आमच्यातील एक गवंडीभाऊ म्हणाले, “मग हे आपलंच की!”

खाली शिवनेरीकडे तोंड करून बसलो असता आमच्या सोबतच्या आजी हळूच बोलल्या, “आम्ही विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन बसायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचं.” सातवीतल्या मुलीने वहीतून मान वर केली. “आजी, परमुलखातल्या माणसाने पाण्याची टाकी दिली, मग गावच्याच माणसांनी पाणी का नाही दिलं?”

आम्हा मोठ्यांना चटकन उत्तर सुचले नाही. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ती हकीकत आम्ही तिथेच सांगितली. पोरीने ती इरिलाच्या खाली लिहून घेतली.

परतताना आंबेगाव तालुक्यात, मंचरला जेवलो. बाजरीची भाकरी आणि मासवडी. नावात मासा, पण आत तीळ-खोबऱ्याचे झणझणीत सारण आणि वरून बेसनाचे कवच, सोबत तिखट रस्सा. सगळे एका पंगतीत बसलो. आजींनी टेबलावरचा तांब्या स्वतः उचलला आणि आधी शेजारच्या अनोळखी प्रवाशाला पाणी वाढले.

वाचकहो, मुलांना घेऊन जुन्नरला जरूर जा. वही मात्र विसरू नका.