बॅटरीचे पाणी

वैशाखातली रणरणती दुपार. कारंज्याहून वाशीमला परतल्यावर मोटार सुरू होण्यास कुरकुरू लागली, म्हणून बॅटरीची सहाही बुचे उघडली, तो दोन घरांतील शिशाच्या पट्ट्या आटलेल्या तळ्याच्या पायऱ्यांसारख्या उघड्या पडलेल्या. उष्म्याने आणि चार्जिंगने उडते ते केवळ पाणी, आम्ल मागेच राहते; सबब भरपाई ऊर्ध्वपातित जलाचीच, आम्लाची अथवा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याची कदापि नव्हे, हा दंडक पाळून पट्ट्यांवर सुमारे १ सेंटिमीटर चढेल इतकेच पाणी ओतले. महिन्याकाठी तपासणी, अशी रोजकीर्दीत नोंद केली. वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेल्या या नगरीत मनात आले, राज्येही बहुधा एका दिवसात आटत नसावीत. कोणी बूच उघडून पाहत नाही, एवढेच.