दुसरी प्रत

जुना लॅपटॉप घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जाते, याची यादी सहसा कुणी करीत नाही. पत्रे, छायाचित्रे, हिशेबाचे तक्ते ही उघड्यावरची चीजवस्तू. ती आठवणीने नव्या यंत्रात नेली जाते. परंतु सांप्रतचा लॅपटॉप केवळ स्वतःचाच संसार सांभाळीत नसतो. शेजारी पडलेल्या टॅबलेटची ठेवही त्याच्या पोटात असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या लॅपटॉपला ९ वर्षे झाली होती. बिजागरी सैल झाली होती, पंख्याची घरघर माजघरापर्यंत ऐकू येई. तरी हे सारे आम्ही चालवून घेतले असते. पण त्यातील विंडोज १० या प्रणालीची नेहमीची निगा तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ पेलण्याचे या यंत्राचे वय राहिले नव्हते. नवा लॅपटॉप मागविला. तो यायला आठ दिवस होते. जुना घेऊन जाण्यास मात्र गिऱ्हाईक दारात उभे होते. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आयपॅडचा बॅकअप ह्याच्यातच आहे ना? मग हा आधीच कसा देता?”

प्रश्न साधा होता, पण त्यामुळे आम्ही गिऱ्हाइकाला परत धाडले. त्या आयपॅडमध्ये आमच्या मावशीचा आवाज आहे. पेडण्याच्या घरी, शेवटच्या दोन पावसाळ्यांत, तिने जात्यावरच्या ओव्या आणि धालोची गाणी आम्हांला म्हणून दाखविली होती. ओव्या मराठीत, धालो कोकणीत. आणि एकीतून दुसरीत जाताना तिला उंबरठा ओलांडल्यासारखेही वाटत नसे. मधेच ती थांबते, “पुढचें याद जायना गो” असे कुणाला तरी म्हणते, आणि मागे पागोळ्यांचा आवाज चालूच राहतो. मावशी जाऊन चार वर्षे झाली. जुना लॅपटॉप आधी दिला असता, तर त्या आठ दिवसांत हा आवाज जगात एकाच ठिकाणी, एका काचेच्या पाटीत, उरला असता.

“क्लाउडवर ठेवा” हा सल्ला आम्हांला अनेकांनी दिला. तो वाईट नव्हे. परंतु ॲपलच्या आयक्लाउडमध्ये फुकटची जागा ५ जीबी. त्यापुढे दरमहा भाडे. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडची वीज आणि तिच्या पाठोपाठ इंटरनेट ही दोन्ही पाहुण्यासारखी येतात. भाड्याच्या गुदामाला आमची हरकत नाही. पण घरचे धान्य घरच्या कणगीत असावे, ही जुनी सवय सुटत नाही.

घरच्या घरी प्रत करण्याची रीत सोपी आहे. जुन्या लॅपटॉपवर आयट्यून्स होते. नव्यावर ‘ॲपल डिव्हायसेस’ नावाचा प्रोग्राम घ्यावा लागला. केबल जोडली की आयपॅड विचारतो, ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ यंत्राने इतका सभ्य प्रश्न विचारावा याची आम्हांला गंमत वाटते. पुढे एक लहानशी चौकट येते: प्रत कुलूपबंद करायची काय? ती नाकारली तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी प्रतीत येत नाहीत. स्वीकारली तर येतात, परंतु त्या कुलपाचा पासवर्ड हरवला तर ती प्रत पुन्हा उघडत नाही. आम्ही स्वीकारली, आणि पासवर्ड जमिनीच्या कागदांच्या बासनात कागदावर लिहून ठेवला. भाचा हसला. त्याने खुशाल हसावे.

मग आम्ही ती प्रत प्रत्यक्ष पाहावी म्हणून ‘मोबाइलसिंक’ नावाच्या आडवळणाच्या फोल्डरात शिरलो. तेथे मावशी कुठेच नव्हती. होत्या त्या हजारो फाइली, प्रत्येकीचे नाव ४० अक्षरी, आकडे आणि रोमन अक्षरे यांची नुसती खिचडी. ही प्रत माणसाला वाचण्यासाठी नाहीच. ती दुसऱ्या आयपॅडमध्ये ओतली तरच तिला अर्थ येतो. शिवाय तीत सर्वच उतरते असे नाही. ॲप्स पुन्हा उतरवून घ्यावी लागतात. आयक्लाउडवर आधीच गेलेले फोटो तीत नसतात. ॲपलच्या बुक्समध्ये परस्पर उतरविलेल्या पीडीएफही नसतात.

येथे आम्हांला ब्रागाची आठवण झाली. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे आणि ग्रंथ यांचा नाश होत असताना, रामायण-महाभारतातील कथांच्या मराठी व कोकणी प्रती रोमन लिपीत उतरविल्या गेल्या. त्या उतरविण्यामागचा मिशनऱ्यांचा हेतू काही आपले वाङ्मय टिकविण्याचा नव्हता. तरी पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात ती हस्तलिखिते राहिली, आणि चार शतकांनंतर आपल्या अभ्यासकांना ती वाचता आली. ती दूर होती, हे एक. आणि साध्या अक्षरांत होती, हे दुसरे.

म्हणून मावशीची २७ ध्वनिमुद्रणे आम्ही आयपॅडमधून एकेक करून बाहेर काढली आणि पेनड्राइव्हवर साध्या फाइली म्हणून ठेवली. आयपॅडला पेनड्राइव्ह जोडण्याची सोय २०१९ पासून आहे. भाच्याने प्रत्येकीला देवनागरीत नाव दिले: ‘धालो, पहिली रात’, ‘ओवी, सीतेची’, ‘मावशी खोकते, मग हसते’. हे शेवटचे नाव बदलावे असे आम्ही सुचविले. त्याने ऐकले नाही, आणि बरे केले. एक पेनड्राइव्ह बहिणीकडे बेळगावला गेला.

नवा लॅपटॉप आला. आयपॅडची कुलूपबंद प्रत त्यावर झाली आहे. जुना अजून पडवीतल्या बाकावर आहे, आणि गिऱ्हाइकाचे दोन निरोप येऊन गेले आहेत. बहीण नाताळात येताना तिचा वापरात नसलेला आयपॅड आणणार आहे. तो पुसून, त्याची प्रणाली आमच्या आयपॅडइतकी नवी करून, नव्या लॅपटॉपवरची प्रत त्यात ओतून पाहायची. त्यातून मावशी बोलली, की मग जुना लॅपटॉप द्यायचा.