आर आणि आय

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईकडे चारचाकी कशी, असं मला कुणी तोंडावर विचारत नाही. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघणारे बरेच आहेत. म्हणून आधी हिशोबच सांगते.

मी सोलापुरात राहते आणि बार्शीला मराठी शिकवते. एका बाजूने साधारण ७० किलोमीटर, आठवड्यातून ४ दिवस. पहिली तासिका सकाळी साडेसातची. एसटीने जायचं तर पहाटे अंधारात स्टँड गाठावं लागतं, आणि गाडी वेळेवर सुटली तरच वर्गात वेळेवर पोचता येतं. तासिका चुकली की त्या तासाचे पैसेही चुकले. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ते मला मोहात पाडतं, नाही असं नाही. पण अर्ध्या तिकिटात उशिरा पोचून पूर्ण तासिका घालवायची, हे गणित जमत नाही. शिवाय गाडीत मी एकटी नसते. अर्थशास्त्राचे सर, इतिहासाच्या मॅडम आणि भूगोलाचा एक नवा मुलगा, सगळे माझ्यासारखेच तासिकावाले. चौघांत पेट्रोल वाटलं की परवडतं.

गाडी म्हणजे जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक. २०२२ च्या जूनमध्ये ५८ हजार किलोमीटर चाललेली घेतली. वर्षाला सतरा-अठरा हजारांची भर पडते. दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग. माझ्या बाबतीत किलोमीटरच आधी येतात. आमचा पगार मात्र असा वेळेवर येत नाही. कधी तीन-चार महिन्यांचं मानधन एकदम जमा होतं, आणि मे-जूनमध्ये तर काहीच नाही.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेली. अर्थशास्त्राचे सर सोबत होते. सर्व्हिस ॲडव्हायझरने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि पुढचं सगळं सरांना समजावलं. सर बिचारे दर वाक्याला माझ्याकडे बघत होते. एस्टिमेट आलं ११,३०० रुपयांचं. मी म्हटलं, जरा बसते, वाचते, मग सही करते. कागद वाचणं हे एकच काम मला बऱ्यापैकी येतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं मॅन्युअल होतं. आधीच्या मालकाने ते प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलेलं नव्हतं. त्यात शेवटाकडे एक तक्ता असतो. आडवे किलोमीटर आणि महिने, उभे गाडीचे भाग, आणि चौकटींत फक्त दोन अक्षरं, आर आणि आय. आर म्हणजे बदला. आय म्हणजे तपासा, गरज असली तर साफ करा, घट्ट करा, आणि तरीही भागलं नाही तर बदला. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये खुणा वेगळ्या असतील, पण तक्ता असतो. कागदी प्रत हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. फोनमध्ये ठेवून द्या.

तक्ता आणि एस्टिमेट शेजारी शेजारी ठेवून मी एकेक ओळ लावत गेले. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर : आर. बरोबर. ब्रेक : आय, बरोबर. पण इंजिन फ्लशिंग ५५० रुपये, तक्त्यात नाव नाही. इंजिनला चकाकी आणणारा फवारा ४५०, नाही. पेट्रोलमध्ये घालायची बाटली ३८०, नाही. एसीची आतून सफाई १,२५०. एसी उत्तम चालू होता, वासबिस काही नव्हता. सीट आणि छताची धुलाई १,४००. आणि ६९० रुपयांचा उंदीर पळवायचा फवारा! आमच्या गल्लीत मांजरं इतकी आहेत की उंदरांनीच एस्टिमेट मागावं. या सगळ्याची बेरीज ४,७२० रुपये. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. एसीला कुबट वास येत असेल तर ती सफाई करावी लागते, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या तर फार महागात पडतं. पण गरज पडली तर करायचं काम दर वेळी करायच्या कामांत बेमालूम मिसळलेलं होतं. एवढ्या ओळी काढा म्हटलं. ॲडव्हायझरने पुन्हा सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “मॅडम सांगतील तसं.” बिल ६,५८० झालं.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगपासून मी जुन्या पुणे नाक्याकडच्या एका मिस्त्रींकडे जाते. गाडीची वॉरंटी कधीच संपलेली होती, त्यामुळे ती चिंता नव्हती. वॉरंटीतल्या गाडीला मी असं करणार नाही. मात्र त्यातही ‘फ्री सर्व्हिस’ म्हणजे मजुरी फुकट, ऑइल-फिल्टरचे पैसे आपलेच, एवढं लक्षात असावं. ऑइल आणि फिल्टर मी स्वतः दुकानातून आणते, पक्कं बिल घेऊन, ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. मागच्या वेळचा खर्च असा : ऑइल १,६५०, ऑइल फिल्टर ११०, एअर फिल्टर २६०, एसीचा फिल्टर ३१०, मजुरी ६००. एकूण २,९३०. ऑइल माझ्यासमोर उतरतं, माझ्यासमोर भरलं जातं. काढलेला फिल्टर मिस्त्री हातात देतात. “बघा मॅडम, किती माती खाल्ली त्यानं.”

आपल्याला हवा तो मिस्त्री निवडता येणं आणि त्याला अस्सल पार्ट मिळणं, हे वाटतं तितकं साधं नव्हतं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यांचे अस्सल पार्ट, दुरुस्तीची माहिती आणि अवजारं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नव्हते, म्हणून. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. माझ्या ११० रुपयांच्या फिल्टरमागे एवढं रामायण आहे, हे कळल्यावर मी तो जरा आदराने उचलते.

तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक भाग असतो. धुळीच्या रस्त्यांवर, कडक परिस्थितीत गाडी चालत असेल तर काही कामं लवकर करा. वैराग रस्त्यावर उसाचा हंगाम सुरू झाला की धुळीला तोटा नाही. म्हणून एअर फिल्टर मी एस्टिमेटवाल्यांपेक्षाही लवकर बदलते. कमी करायचं म्हणून वाचायला बसलं की वाढवायच्या ओळीही सापडतात. टायरमधली हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि पेट्रोल पंपावर हवा मोफत असते. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग जास्त तापल्यावर ब्रेक दगा देऊ शकतो. ते कितीही स्वच्छ दिसलं तरी मी त्यात घासाघीस करत नाही.

खरं भांडण झालं ते आमच्या चौघांत. पेट्रोल वाटून घ्यायचं, ठीक. पण ऑइल, टायर, ब्रेक? अर्थशास्त्राचे सर म्हणाले, “गाडी तुमची मॅडम, झीजही तुमचीच.” मी म्हटलं, झीज तुम्ही बसल्यावरही होते, तुम्हीच वर्गात घसारा शिकवता. दोन दिवस गाडीत रेडिओशिवाय कुणी बोललं नाही. मला राग सरांचा नव्हता. महिनाअखेरीला आम्हा चौघांच्या खात्यांत मिळून किती असतात, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी वैराग ओलांडल्यावर सरांनीच आकडा काढला. किलोमीटरला १ रुपया, म्हणजे दिवसाला १४०, माणशी ३५. भूगोलाचा मुलगा म्हणाला, माझे मानधन आल्यावर एकदम. त्याची वही मी ठेवते. पैसे एका बिस्किटांच्या डब्यात.

मागच्या जानेवारीत सर्व्हिसिंगला मिस्त्रींनी पुढचं चाक काढलं आणि बोलावलं. ब्रेक पॅड २-३ मिलिमीटर उरले होते. तक्त्यात त्या चौकटीत आय आहे. “अजून महिना दोन महिने ओढतील,” मिस्त्री म्हणाले, “पण तुम्ही चौघं असता.” संध्याकाळी परतताना त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे ना दिवा ना लाल पट्टी. एकदम समोर डोंगरासारखी ट्रॉली उभी राहते. पॅड १,३५० आणि मजुरी ४००. सर्व्हिसिंगचे पैसे वजा जाता डब्यात १,९०० होते. त्याच पैशात उन्हाळ्याआधी एसीचा गॅस भरायचं ठरलं होतं.

पॅड घातले. एप्रिल-मेच्या परीक्षांना आम्ही काचा खाली करून गेलो. सरांनी ओला पंचा मानेभोवती गुंडाळला होता, इतिहासाच्या मॅडमनी ताकाची बाटली आणली होती. एसीबद्दल कुणी काही बोललं नाही.

पुढची सर्व्हिसिंग १ लाख १८ हजारला. डब्यात सध्या ३,४०० आहेत, आणि भूगोलाकडून ९८० येणं आहे.